भाऊ दुबईत, घर भुसावळला : खरेदीखतावर सही कशी होणार?

तापीकाठ

रामराम मंडळी. भुसावळ नगरपालिका हद्दीतलं वडिलांचं घर विकायचं आहे. वारस नोंद होऊन मालमत्ता पत्रकावर आई, मी, धाकटा भाऊ आणि बहीण अशी चार नावं लागली आहेत, हिस्से सारखे. सौदा 48 लाखांत ठरला आहे, इसार घेऊन सौदापावती झाली आहे. घेणारा बँकेचं कर्ज काढणार आहे.

भाऊ दुबईत नोकरीला, त्याला दिवाळीपर्यंत सुट्टी नाही. बहीण नाशिकला, तिचं बाळ तान्हं आहे. आईला गुडघ्यांमुळे रजिस्टर ऑफिसचा जिना चढवत नाही.

स्टॅम्प व्हेंडर म्हणतात, 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करून भावाकडून मुखत्यारपत्र मागवा, काम होतं. दुसरे म्हणतात, भावाचं हक्कसोडपत्र करून घ्या म्हणजे भानगडच नको. तिसरे म्हणतात, खरेदीखत छापून कुरिअरने दुबईला पाठवा, सही होऊन येऊ द्या. यातलं कायद्याने चालणारं कोणतं? घेणारा तीन महिने थांबायला तयार आहे.

वाघूर

तिन्ही सल्ले बाजूला ठेवा. भावाकडून दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासात केलेलं विशेष कुलमुखत्यारपत्र घ्या. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 33 मध्ये कोणतं मुखत्यारपत्र चालतं ते स्पष्ट लिहिलं आहे. देणारा भारतात राहत असेल तर तो जिथे राहतो तिथल्या दुय्यम निबंधकासमोर सही करून साक्षांकित केलेलं. भारताबाहेर असेल तर नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वकिलातीचा अधिकारी यांच्यासमोर केलेलं. यातला नोटरी म्हणजे परदेशातला नोटरी. भाऊ दुबईत बसलेला असताना भुसावळच्या नोटरीने शिक्का मारला, तर भाऊ आपल्यासमोर हजर होता असं खोटं प्रमाणपत्र त्याने दिलं असा त्याचा अर्थ होतो. पासपोर्टवरच्या तारखांवरून ते कधीही उघडं पडतं आणि मग खरेदीखतच वादात जातं. दुबईचा नोटरीही कायद्यात बसतो, पण त्याचे कागद अरबीत असतात, भाषांतर आणि पुढची प्रमाणीकरणं वाढत जातात. दूतावासाचा शिक्का आपल्या कार्यालयात आणि बँकेत दोन्हीकडे ओळखीचा आहे.

कुरिअरने खरेदीखत पाठवण्यात दोन अडचणी आहेत. एक, भावाने तिकडे सही केली तरी दुय्यम निबंधकासमोर ‘हा दस्त मी करून दिला’ अशी कबुली कोणीतरी द्यावीच लागते. तो स्वतः येणार नाही, म्हणजे कबुलीजबाबासाठी मुखत्यारपत्र लागणारच. एक काम वाचवायला गेलात आणि दोन झाली. दुसरी अडचण मुद्रांकाची. महाराष्ट्रात दस्तावर सही होण्याआधी, सही करताना किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी शुल्क भरलेलं हवं. चार लिहून देणार चार तारखांना दोन देशांत सह्या करत बसले की दस्ताची निष्पादनाची (सही करून दस्त पुरा झाल्याची) तारीख कोणती, इथूनच प्रश्न सुरू होतात.

मसुदा तुमच्या वकिलाने करावा आणि भावाला ई-मेलने पाठवावा. इंग्रजीत केलेला बरा, म्हणजे तिकडच्या अधिकाऱ्याला वाचता येतो. तिकडे साध्या ए-4 कागदावर छापतात, भारतीय स्टॅम्प पेपर पाठवायची गरज नाही. सर्वांत महत्त्वाचं, भावाने घरी बसून आधी सही करू नये. अधिकाऱ्यासमोरच करावी, नाहीतर कागद परत करतात. प्रत्येक पानावर सही, शेवटच्या पानावर फोटो, फोटोवर अर्धी येईल अशी सही आणि अंगठा. शिक्का प्रत्येक पानावर आला की नाही ते काउंटर सोडण्याआधी पाहावं. मूळ पासपोर्ट सोबत लागतो, अपॉइंटमेंट आधी घ्यावी लागते. दोन मूळ प्रती करा, एकीवर भागत नाही.

मजकुरात चुका इथे होतात : मिळकतीचं वर्णन मालमत्ता पत्रकावरून शब्दशः उचला. सिटी सर्व्हे नंबर, चौरस मीटरमधलं क्षेत्र, नगरपालिकेचा मालमत्ता क्रमांक, चतुःसीमा, भावाचा अविभक्त हिस्सा. ‘भुसावळ येथील राहते घर’ एवढंच लिहिलं तर ते कागदावर कोणतंच घर नाही. अधिकारही एकेक सुटा लिहा : साठेखत आणि खरेदीखतावर सही, दस्त सादर करणं, कबुलीजबाब देणं, ताबा देणं, खरेदीदाराच्या बँकेच्या कागदांवर सही, सिटी सर्व्हे, नगरपालिका आणि महावितरणकडे नाव बदलाला संमती. आणि चूक दुरुस्ती पत्रावर सही. हा शेवटचा अधिकार हमखास विसरतात. पुढे सर्व्हे नंबरातला एक आकडा चुकल्याचं लक्षात आलं की तेवढ्या एका आकड्यासाठी दुबईची सगळी फेरी पुन्हा.

गिरणापार

वाघूर भाऊंनी लिहिलेलं बरोबर आहे. त्यापुढचा टप्पा लिहितो, कारण कागद दुबईहून आला म्हणजे वापरायला तयार झाला असं नाही.

राज्याबाहेर सही झालेला दस्त महाराष्ट्रात पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागायला हवा. तुमच्यासाठी ते ठिकाण म्हणजे जळगावचं सह जिल्हा निबंधक तथा मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालय. अभिनिर्णयाचा (शुल्क किती ते ठरवून घेण्याचा) अर्ज, मूळ मुखत्यारपत्र, झेरॉक्स, तुमचं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा. ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा संकेतस्थळावर चलन भरलं की कागदाच्या पाठीवर शुल्क भरल्याचा शेरा मिळतो. कुरिअरचं पाकीट आणि पावती फेकू नका. कागद भारतात कधी आला याचा पुरावा तोच. कोणी ओळखीचा माणूस हाती घेऊन आला तर त्याच्या पासपोर्टवरच्या आगमनाच्या शिक्क्याची प्रत ठेवा.

नात्याचा पुरावा का, तर शुल्क त्यावर ठरतं. मोबदला न घेता मिळकत विकण्याचा अधिकार आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको अशा जवळच्या नातेवाइकाला दिला तर मुद्रांक 500 रुपये. तोच अधिकार परक्या माणसाला दिला तर खरेदीखताइतकं शुल्क, बाजारमूल्यावर. दलालाला किंवा भावाच्या मित्राला मुखत्यार नेमलं तर काही लाखांचा खड्डा पडतो आणि तो घराच्या खरेदीखताच्या शुल्कात वळताही होत नाही. मुखत्यार तुम्ही स्वतःच व्हा. शाळा सोडल्याचा दाखला दोघांचाही ठेवा, त्यावर वडिलांचं नाव एक असलं की वाद राहत नाही.

नावांचंही बघून घ्या. पासपोर्टवर आडनाव मागे, मालमत्ता पत्रकावर पुढे, आधारवर वडिलांच्या नावाचं एकच अक्षर, असं खानदेशात घरोघरी आहे. मुखत्यारपत्रात ‘ऊर्फ’ लावून दोन्ही रूपं लिहा, म्हणजे दुय्यम निबंधकाच्या टेबलावर वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागत नाही.

तापीकाठ

दोघांचे आभार, भाऊ. हक्कसोडपत्राचं कोणी सांगितलं नाही. तसं केलं तर भावाची सहीच लागणार नाही ना पुढे? आणि बहीण, आई यांचं काय?

पांझरा_धुळे

पुढे लागणार नाही हे खरं, पण हक्कसोडपत्रावर तरी लागतेच! हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय चालत नाही आणि ते करून देणारा भाऊच आहे. म्हणजे त्यासाठीही तो इथे हवा किंवा त्याचं मुखत्यारपत्र हवं. वाचलं काहीच नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हक्कसोडीने त्याचा हिस्सा तुमचा होतो. 48 लाखांतले त्याचे 12 लाख कागदोपत्री तुमचे उत्पन्न ठरतात, भांडवली नफ्याचा कर तुमच्या नावावर येतो, आणि तुम्ही त्याला पैसे देता तेव्हा ते त्याच्या हक्काचे पैसे राहत नाहीत, तुम्ही दिलेली रक्कम होते. भावाभावांत आज गोडी आहे तोवर कोणी विचारत नाही. त्याला खरोखरच हिस्सा नको असेल तर हक्कसोड करा. सही टाळण्यासाठी हक्कसोड करायला सांगणारा माणूस चुकीचं सांगतो, मग तो कोणीही असो.

बहिणीच्या बाबतीत दोन रस्ते. तिचं मुखत्यारपत्र करायचं तर ते नाशिकच्या दुय्यम निबंधकासमोर, कारण ती तिथे राहते. भुसावळला किंवा जळगावला करता येत नाही, आणि नोटरीचं चालणार नाही. पण माझं मत विचाराल तर तिने एक दिवस यावं. नाशिकहून सकाळच्या गाडीने भुसावळ गाठता येतं. टोकन दुपारचं घ्या, फोटो-अंगठ्याला वेळ थोडाच लागतो. बहिणीचा हिस्सा असलेल्या मिळकतीत तिची स्वतःची सही, स्वतःचा अंगठा असणं हे घेणाऱ्यालाही हवं असतं आणि तिलाही. ‘मला माहीतच नव्हतं’ हे वाक्य बहिणींच्या हिश्श्याच्या दाव्यांत नेहमी वाचायला मिळतं.

सगळ्यांनी एकाच दिवशी हजर राहिलं पाहिजे असंही नाही. कलम 34 प्रमाणे कबुली वेगवेगळ्या दिवशी देता येते, दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत. मात्र शेवटच्या माणसाची कबुली होईपर्यंत दस्त अडकून राहतो, सूची क्रमांक 2 (नोंदणी झाल्याचा उतारा) निघत नाही आणि बँक रक्कम सोडत नाही. चार महिने उलटले तर आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून करता येतं, दंड नोंदणी फीच्या दहा पटीपर्यंत. तुमच्या दस्ताला 1 टक्क्याने 48,000 होतात, पण नोंदणी फीची कमाल मर्यादा 30,000 आहे. त्याची दहा पट म्हणजे 3 लाख. म्हणून ‘भाऊ दिवाळीत येऊन कबुली देईल’ या भरवशावर आज सह्या करू नका.

आईसाठी गृहभेटीची सोय आहे. आजारपण किंवा अशक्तपणामुळे कार्यालयात येणं धोक्याचं असेल तर दुय्यम निबंधक घरी येऊन किंवा माणूस पाठवून कबुली घेतात. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून आधी अर्ज द्या, फी भरा. नुसते गुडघे दुखतात एवढ्यावर मिळेलच असं धरून चालू नका. प्रमाणपत्रात ‘जिने चढणे वैद्यकीयदृष्ट्या धोक्याचे’ असं स्पष्ट लिहून घ्या. खुर्चीसकट वर नेणं शक्य असेल तर तेच सोपं. आईचं मुखत्यारपत्र मात्र करू नका, माणूस गावात असताना घेणाऱ्याच्या मनात शंका येते.

केळीबाग_रावेर

खरेदीदाराच्या बाजूने पाहिलं तर अजून दोन-तीन गोष्टी सुटल्या आहेत. तुमचा घेणारा हे विचारेल, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूनंतर ते आपोआप संपतं. म्हणून नोंदणीच्या दिवशी तुम्हाला घोषणापत्र द्यावं लागेल की भाऊ हयात आहे आणि त्याने मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही. हे छापील असतं म्हणून न वाचता सही करू नका. खोटं निघालं तर जबाबदारी तुमची. शहाणा खरेदीदार त्याच सकाळी भावाशी व्हिडिओ कॉल करतो, पासपोर्ट समोर धरायला सांगतो, किंमत आणि खात्याचा नंबर त्याच्या तोंडून ऐकतो. वाईट वाटून घेऊ नका.

दुसरं, मुखत्यारपत्र हे विकण्याचा अधिकार देतं, मालकी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हे ठाम सांगितलं आहे. तुमच्याकडे नोंदणीकृत खरेदीखतच होणार आहे, त्यामुळे अडचण नाही. पण घेणारा म्हणाला की आता मुखत्यारपत्रच माझ्या नावे द्या, खरेदी पुढे बघू, तर नाही म्हणा.

दस्तात सही कशी करायची यावरही गोंधळ होतो. लिहून देणार क्र. 2 तुम्ही स्वतः. लिहून देणार क्र. 3 भावाचं पूर्ण नाव, आणि खाली ‘तर्फे कु.मु. (कुलमुखत्यार) म्हणून’ तुमचं नाव. भावाची सही तुम्ही त्याच्या नावाने करायची नाही, तुमचीच सही दोन ठिकाणी होईल. ऑनलाइन डेटा एन्ट्री करतानाही भावाच्या नोंदीत मुखत्यारधारक म्हणून तुमचं नाव वेगळं भरायचं. ते नाही भरलं तर टेबलावर फोटो घेताना एक माणूस कमी पडतो आणि पुन्हा एन्ट्री करावी लागते. कोऱ्या जागा ठेवून दस्तलेखकाला ‘नंतर भरा’ असं सांगू नका.

किंमतही मुखत्यारपत्रात लिहा, ‘48 लाखांपेक्षा कमी नाही’ अशी. मुदत घाला, सहा महिने पुरेत. दुसऱ्याला अधिकार देण्याची मुभा देऊ नका. हे भावाच्या रक्षणासाठी आहेच, पण तुमच्याही आहे. पुढे त्याच्या सासरच्या मंडळींनी बोट दाखवलं तर कागद तुमच्या बाजूने बोलेल.

अनेर

करकपातीबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि सौदा शेवटच्या आठवड्यात अडकतो तो इथेच.

भाऊ दुबईत राहून नोकरी करतो म्हणजे आयकराच्या भाषेत अनिवासी, पासपोर्ट भारतीय असला तरी. निवासी विक्रेत्याला 50 लाखांच्या खाली टीडीएस लागत नाही (हा आकडा पाहताना किंमत आणि मुद्रांक मूल्य यांतलं जे जास्त ते धरतात, म्हणून तुमच्या घराचं रेडी रेकनर मूल्य, म्हणजे सरकारी दराने येणारी किंमत, आजच काढा). अनिवासी विक्रेत्याला ही मर्यादा लागूच नाही. त्याच्या 12 लाखांवर घेणाऱ्याने कर कापलाच पाहिजे. जुन्या घराचा दीर्घकालीन नफा म्हणून दर 12.5 टक्के, त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 13 टक्के. एरवी हा कर पूर्ण 12 लाखांवर कापला जातो, नफ्यावर नाही. 1 लाख 56 हजार.

खरा नफा कमी असेल, आणि वडिलोपार्जित जुन्या घरात 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य धरता येतं म्हणून तो कमी असतोच, तर भावाने आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र घ्यावं. ते खरेदीखताच्या आधी हातात हवं, नंतर घेऊन उपयोग नाही. मग विवरणपत्र भरून परतावा मागत बसावं लागतं. मूल्यांकनकाराचा अहवाल, वडिलांच्या खरेदीची कागदपत्रं, वारस नोंद हे सगळं सीएला आजच द्या. मुखत्यारपत्राचा मसुदा आणि हा अर्ज एकाच आठवड्यात सुरू करा, दोन्हींना वेळ लागतो.

घेणाऱ्याने चुकून निवासी विक्रेत्यासाठीचा फॉर्म भरला तर कापलेला कर चुकीच्या खात्यात जातो. त्याच्या सीएला ‘एक विक्रेता अनिवासी आहे’ हे लेखी कळवा.

आणि पैसे. भावाचे 12 लाख त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयांच्या खात्यात) जाऊ द्या, तुमच्या बचत खात्यात नाही. दस्तात चौघांच्या रकमा, खाते क्रमांक, डीडी किंवा आरटीजीएसचे तपशील वेगवेगळे लिहा. मुखत्यारपत्रातही ‘मोबदला माझ्या एनआरओ खात्यातच जमा व्हावा’ असं वाक्य घाला. बँकेचा पॅनेल वकील ते बघून निश्चिंत होतो.

तापीकाठ

सगळं लिहून घेतलं. शेवटचं एक : आधारवर ओटीपी घेऊन ऑनलाइन सही होते ना हल्ली? भाऊ तेच विचारतोय. आणि मुद्रांकाचं चलन आताच काढून ठेवू का, घेणाऱ्याकडे पैसे तयार आहेत.

वाघूर

ती ऑनलाइन नोंदणी भाडेकराराला आणि बिल्डरकडून पहिल्यांदा घेतलेल्या फ्लॅटला आहे. तुमच्यासारख्या जुन्या घराच्या खरेदीखताला हजर राहणं किंवा मुखत्यार, दोनच पर्याय.

चलन थांबवा. मुद्रांक सहा महिन्यांत वापरावा लागतो. आधी जळगावहून मुखत्यारपत्रावर शेरा मिळू द्या, बँकेचं मंजुरीपत्र येऊ द्या, भावाचं कर प्रमाणपत्र येऊ द्या. मग चलन, डेटा एन्ट्री, टोकन हे एकाच आठवड्यात उरकतं. आणि सौदापावतीवर आत्ताच एक ओळ वाढवून दोघांच्या सह्या घ्या : लिहून देणार क्र. 3 चं मुखत्यारपत्र आणि कर प्रमाणपत्र मिळेपर्यंत मुदत वाढवली. भावाची सही त्या पावतीवर नसेल, म्हणून मुखत्यारपत्रात ‘यापूर्वी झालेली सौदापावती मला मान्य आहे’ असं तारखेसह लिहायला वकिलांना सांगा.